लेझरने चष्मा घालवताना : पारपटलाने ऐंशी वर्षांत शिकवलेले धडे



भरतीची जाहिरात निघाली किंवा घरात लग्नाची बोलणी सुरू झाली, की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, लेझर करून चष्मा घालवला तर चालेल का? पुढे काही त्रास होतो का?"

मी फिजिशियन आहे, डोळ्यांचा सर्जन नाही. पण ऑपरेशनच्या आधी साखर आणि रक्तदाब तपासून घ्यायला लोक आमच्याकडेच येतात, आणि काही वर्षांनी डोळ्यांत कचकच सुरू झाली की पहिल्यांदा दार ठोठावतात तेही आमचेच. बीड जिल्ह्यातली बहुतेक मुले या ऑपरेशनसाठी छत्रपती संभाजीनगर, पुणे, सोलापूर किंवा लातूरला जातात. येताना हातात काळा गॉगल आणि थेंबांच्या बाटल्या असतात. तपासणीचे कागद मात्र बहुधा तिकडेच राहिलेले असतात. ते कागद का महत्त्वाचे, हे या लेखात पुढे येईलच.

"त्रास होतो का?" या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे : बहुतेकांना फारसा होत नाही, काहींना थोडे दिवस होतो आणि अगदी मोजक्या लोकांना गंभीर होतो. हे मोजके लोक कोण, ते आधी ओळखता येते का? आज बऱ्याच प्रमाणात येते. पण हे ज्ञान सहज मिळालेले नाही. त्यासाठी आधीच्या पिढ्यांतल्या रुग्णांनी किंमत मोजली आहे. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

पारपटल म्हणजे काय?

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. डोळ्यात शिरणारा प्रकाश पडद्यावर नेमका गोळा करण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम हा पारपटल करतो, उरलेले आतले भिंग करते. पारपटलाची जाडी मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. ती मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन.

एवढ्याशा जाडीत पाच थर असतात. सर्वांत वर पातळ त्वचेसारखा थर, मध्ये कोलॅजनच्या धाग्यांचा जाड थर आणि सर्वांत आत पेशींची एकेरी रांग. ही आतली रांग पंपासारखे काम करते. पारपटलात मुरणारे पाणी ती सतत बाहेर काढते, म्हणूनच पारपटल काचेसारखा स्वच्छ राहतो. या पेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, पण मज्जातंतूंचे जाळे इतके दाट असते की धुळीचा एक कणही सहन होत नाही.

मायनस नंबरच्या डोळ्यात प्रकाश पडद्याच्या अलीकडेच गोळा होतो. पारपटलाचा मधला उंचवटा थोडा सपाट केला तर तो मागे सरकून पडद्यावर पडेल आणि चष्मा लागणार नाही. चष्मा घालवण्याच्या बहुतेक ऑपरेशनांमागचा विचार इतका साधा आहे. अवघड प्रश्न पुढचा आहे : सपाट करताना पारपटलाची ताकद किती कमी होते?

जपान : त्रास उशिरा उगवतो, हा पहिला धडा

जपानमधले नेत्रतज्ज्ञ त्सुतोमु सातो यांच्या पाहण्यात काही विशेष रुग्ण आले. या रुग्णांचे पारपटल शंकूसारखे पुढे आले होते. या आजाराला केरॅटोकोनस म्हणतात. त्यांच्यापैकी काहींचा पारपटल आतून फाटला आणि जखम भरल्यावर तो आधीपेक्षा सपाट झालेला दिसला. सातो यांना वाटले, निसर्ग जे अपघाताने करतो ते आपण मुद्दाम केले तर? त्यांनी १९४०च्या दशकात मायनस नंबरच्या रुग्णांच्या पारपटलाला आतून आणि बाहेरून बारीक काप द्यायला सुरुवात केली. शेकडो डोळ्यांवर हे ऑपरेशन झाले. नंबर उतरला आणि रुग्ण खूश झाले.

पण आतल्या पेशींची रांग पंपाचे काम करते आणि ती परत वाढत नाही, हे त्या काळी कळलेले नव्हते. आतून दिलेल्या प्रत्येक कापाने त्या पेशी मरत होत्या. उरलेल्या पेशींनी काम रेटले, पण दहा, पंधरा, वीस वर्षांनी त्या कमी पडल्या. पारपटलात पाणी साचले, तो दुधी झाला आणि अनेकांची नजर गेली. तरुणपणी चष्मा उतरवलेल्यांना उतारवयात पारपटल बदलण्याची वेळ आली.

सातो निष्काळजी नव्हते. त्यांच्या हातात जेवढे ज्ञान होते त्यावर ते काम करत होते. पण डोळ्याच्या ऑपरेशनचा खरा निकाल दुसऱ्या दिवशीच्या तक्त्यावर कळत नाही, हे त्यांच्या रुग्णांकडून जगाला कळले.

मॉस्को : काप फक्त बाहेरून दिले तरी

१९७०च्या दशकात रशियाच्या स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी तीच कल्पना सुधारून घेतली. काप फक्त बाहेरून, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखे द्यायचे आणि मधला भाग मोकळा सोडायचा. या ऑपरेशनला रेडियल केरॅटॉटॉमी म्हणतात. मॉस्कोत रुग्णांची टेबले कारखान्यातल्या पट्ट्यासारखी पुढे सरकत आणि प्रत्येक डॉक्टर ऑपरेशनचा एक एक टप्पा उरकत असे. ही पद्धत अमेरिकेत गेली, भारतातही आली. आज साठीच्या आसपास असलेल्या काही शहरी मंडळींच्या पारपटलावर ते काप तपासणीत अजून दिसतात.

अमेरिकेने या वेळी एक चांगली गोष्ट केली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी मदतीने एक मोठा अभ्यास सुरू केला आणि रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा केला. १९९४मध्ये निकाल आला. ऑपरेशननंतर सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत ४३ टक्के डोळ्यांचा नंबर प्लसच्या बाजूला एक किंवा त्याहून जास्त सरकला होता. म्हणजे काप दिलेला पारपटल स्थिर झालाच नव्हता, वर्षानुवर्षे तो हळूहळू सपाट होत राहिला.

याचे एक विलक्षण उदाहरण १९९६च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर घडले. बेक वेदर्स हे अमेरिकन डॉक्टर गिर्यारोहक. त्यांचे हे ऑपरेशन झालेले होते. उंचावर गेल्यावर त्यांना दिसेनासे झाले आणि वाटेतच थांबावे लागले. पारपटलाला ऑक्सिजन हवेतून मिळतो. तो कमी झाला की पारपटल किंचित सुजतो, आणि काप दिलेल्या पारपटलाचा आकार त्यामुळे बदलतो. नंतरच्या हिमवादळातून ते कसेबसे वाचले.

बोगोटा आणि मद्रास : कापण्याऐवजी तासणे

काप देण्याऐवजी पारपटलाचा थोडा भाग तासून काढावा, हा विचार कोलंबियाच्या बोगोटा शहरातल्या होसे इग्नासिओ बाराकेर यांनी १९४९मध्ये मांडला. ते पारपटलाची वरची चकती काढत, ती गोठवून लेथवर घासत आणि परत बसवत. पद्धत फारच किचकट होती. पण मागे पुरेशी जाडी शिल्लक राहिली पाहिजे, यावर बाराकेर यांचा तेव्हापासून भर होता.

तासायला योग्य हत्यार सापडले ते प्रयोगशाळेत, आणि त्यात आपल्या देशात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. मद्रासमध्ये १९२९ साली जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात रसायनशास्त्रज्ञ होते. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम या सहकाऱ्यांबरोबर ते एक्सायमर लेझरवर काम करत होते. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, म्हणजे अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी घरी उरलेले टर्कीचे मांस प्रयोगशाळेत आणले आणि त्यावर लेझर मारला. कडा अजिबात न जळता मांसात स्वच्छ खाच पडली. हा लेझर जाळत नाही. तो रेणूंमधले बंध तोडतो आणि एका झटक्यात मायक्रॉनच्या साधारण चौथ्या भागाएवढाच थर काढतो.

१९८३मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्याबरोबर हाच लेझर जनावरांच्या पारपटलावर वापरून दाखवला. पुढे माणसांवर पीआरके नावाची पद्धत आली. तिच्यात पारपटलाची वरची त्वचा काढून खाली लेझर मारतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला १९९५मध्ये मान्यता दिली. नजर चांगली येई. मात्र तीन-चार दिवस डोळे खूप दुखत, आणि नंबर जास्त असेल तर काहींच्या पारपटलावर धुरकटपणा येई.

लेसिक : वेदना गेली, पण पापुद्रा आला

हे दुखणे टाळण्यासाठी १९९०च्या सुमारास ग्रीसच्या क्रीट बेटावरचे इयोआनिस पालिकारिस यांनी बाराकेर यांची चकती आणि नवा लेझर यांची जोडी जमवली. पारपटलाचा वरचा पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा एका बाजूने जोडलेला ठेवून उचलायचा, खालच्या थरावर लेझर मारायचा आणि पान परत मिटवायचे. हीच लेसिक. या पापुद्र्याला डॉक्टर फ्लॅप म्हणतात. दुखणे जवळजवळ नाही आणि दुसऱ्या दिवशी नजर स्वच्छ. लेसिक झपाट्याने पसरली. भारतात ती आणणाऱ्या पहिल्या डॉक्टरांत मुंबईचे डॉ. बुर्जोर बानाजी यांचे नाव घेतले जाते.

पण पापुद्रा परत बसला म्हणजे तो पूर्वीसारखा जुळला, असे नसते. कडेला तो बऱ्यापैकी धरतो. मध्यभागी मात्र पूर्वीची ताकद कधीच येत नाही. म्हणूनच डॉक्टरांना तो काही वर्षांनीही उचलता येतो, आणि म्हणूनच डोळ्याला जोरात मार बसला तर तो सरकूही शकतो. शिवाय पारपटलाचे पुढचे धागे जास्त मजबूत असतात, आणि पापुद्रा नेमका त्यांनाच छेदतो. त्यामुळे डोळ्याच्या आतला दाब पुढे झेलायचा तो उरलेल्या खालच्या थरानेच.

१९९८ : पारपटल पुढे झुकू लागला

१९९८मध्ये जर्मनीच्या थिओ झायलर यांनी एक गंभीर नोंद प्रसिद्ध केली. मोठा मायनस नंबर लेसिकने काढलेल्या काही डोळ्यांचा पारपटल नंतर पातळ होऊन पुढे फुगू लागला होता. नंबर परत येत होता, सोबत तिरका नंबर वाढत होता आणि चष्म्यानेही स्पष्ट दिसत नव्हते. याला एक्टेशिया म्हणतात. हा केरॅटोकोनससारखाच आजार, फक्त ऑपरेशनमुळे उद्भवलेला. ज्या आजाराकडे पाहून सातो यांना कल्पना सुचली, तोच आजार आता ऑपरेशनानंतर दिसू लागला.

यातून दोन कारणे पुढे आली. पहिले म्हणजे मागे उरलेला थर फार पातळ असणे. दुसरे, आणि जास्त महत्त्वाचे, म्हणजे रुग्णाला आधीपासूनच सौम्य, न ओळखलेला केरॅटोकोनस असणे. त्यांचा पारपटल मुळातच कमकुवत होता, लेसिकने त्याचा उरलासुरला आधार काढून घेतला.

हिशेब करून पाहू. एका नंबरसाठी लेझर साधारण १२ ते १४ मायक्रॉन थर काढतो. पारपटल ५४० मायक्रॉन, पापुद्रा १२० आणि नंबर मायनस ६ असेल, तर ५४० वजा १२० वजा ८४, म्हणजे ३३६ मायक्रॉन उरतात. खाली निदान २५० मायक्रॉन उरलेच पाहिजेत, असा नियम रूढ झाला होता. या हिशेबात आपण सुरक्षित आहोत. आता पारपटल ४८० धरा आणि पापुद्रा जुन्या ब्लेडच्या यंत्राने १६० मायक्रॉनचा निघाला असे समजा. उरले २३६. नंबर तोच, डॉक्टर तोच, पण डोळा धोक्याच्या रेषेखाली गेला.

२००८मध्ये अमेरिकेतल्या रँडलमन आणि सहकाऱ्यांनी वय, नंबर, जाडी, उरलेला थर आणि पारपटलाचा नकाशा यांना गुण देऊन धोका मोजण्याची पद्धत सुचवली. त्यात पारपटलाचा बिघडलेला नकाशा हा सर्वांत मोठा धोका ठरला आणि कमी वय हाही धोका ठरला. २०१४मध्ये ब्राझीलच्या सांतियागो यांनी आणखी एक मोजमाप दिले. पापुद्रा आणि काढलेला थर मिळून मूळ जाडीच्या ४० टक्क्यांपर्यंत गेले, तर नकाशा चांगला असला तरी सावध राहावे. म्हणजे केवळ "२५० उरले ना?" एवढे विचारून भागत नाही.

नागपूरजवळची आठ गावे

वरच्या हिशेबात मी ५४० हा आकडा घेतला. पाश्चात्त्य पुस्तकांत सरासरी जाडी त्याच्या आसपास असते. पण आपल्या गावाकडच्या माणसाचा पारपटल तेवढाच जाड असतो का?

याचे उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांच्या चमूने २००६ ते २००८ या काळात नागपूर परिसरातल्या आठ खेड्यांमधल्या तिशीपुढच्या ४७००हून अधिक लोकांचे डोळे तपासले. पारपटलाची सरासरी जाडी निघाली ५१४ मायक्रॉन. बहुतेकांची जाडी या सरासरीपासून सुमारे ३३ मायक्रॉन वर-खाली होती. म्हणजे ४८०चा पारपटल आपल्या खेड्यापाड्यांत मुळीच दुर्मीळ नाही.

त्याच अभ्यासात २.३ टक्के लोकांचा पारपटल केरॅटोकोनसच्या मर्यादेपलीकडे उतार असलेला आढळला. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे निदान पारपटलाच्या वक्रतेच्या एका आकड्यावरून केलेले होते, संपूर्ण नकाशावरून नव्हे. त्यामुळे या सगळ्यांना नक्की आजार होता असे म्हणता येणार नाही. हा अभ्यास विदर्भातला आहे, मराठवाड्याचा नाही, हेही खरे. पण आपल्याकडचा पारपटल पुस्तकी सरासरीएवढाच असेल असे गृहीत धरून चालणार नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

५१४ मायक्रॉन, पापुद्रा १२० आणि नंबर मायनस ६ हाच हिशेब आता करा. उरतात ३१० मायक्रॉन. २५०च्या नियमाने ठीक. पण गेलेला भाग २०४ मायक्रॉन, म्हणजे मूळ जाडीच्या जवळजवळ ४० टक्के. आपला सरासरी माणूस त्या दुसऱ्या मोजमापाच्या काठावरच उभा आहे.

यात आपल्या भागातली आणखी एक सवय भर घालते, ती म्हणजे डोळे चोळणे. उन्हाळ्यातली धूळ, मळणीचा भुसा आणि ॲलर्जी यांमुळे अनेक मुले लहानपणापासून डोळे चोळतात. सतत जोराने चोळण्याचा केरॅटोकोनसशी जवळचा संबंध आहे. ज्याचा तिरका नंबर दर सहा महिन्यांनी वाढतो आणि जो डोळे फार चोळतो, त्या मुलाला आधी पारपटलाचा नकाशा हवा. चष्मा घालवण्याचा विचार नंतर.

कोरडेपणा आणि अमेरिकेतली सुनावणी

एक्टेशिया क्वचितच होतो. डोळे कोरडे पडणे मात्र नेहमीचे आहे. पापुद्रा कापताना पारपटलाचे मज्जातंतूही कापले जातात. त्यामुळे डोळा कोरडा पडल्याची खबर मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही आणि अश्रू कमी येतात. बहुतेकांचे तंतू काही महिन्यांत पुन्हा वाढतात आणि त्रास ओसरतो. थोड्या लोकांत तो रेंगाळतो, आणि क्वचित तपासणीत काही न दिसताही डोळ्यांत जळजळ आणि वेदना राहतात.

एप्रिल २००८मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यावर जाहीर सुनावणी घेतली. रुग्णांनी आणि नातेवाईकांनी आपली व्यथा सांगितली : तक्त्यावर सहा बाय सहा दिसते, पण रात्री गाडीच्या दिव्याभोवती किरणे पसरतात आणि डोळे दिवसभर टोचतात. त्यानंतर या प्रशासनाने अशा तक्रारी खुद्द रुग्णांकडून नोंदवून घेणारे अभ्यास केले. ज्यांना आधी कोरडेपणाची तक्रार नव्हती, त्यांच्यातल्या सुमारे तीन जणांत एकाला तीन महिन्यांनी ती होती. दिव्याभोवती वलय किंवा दुहेरी प्रतिमा अशी एखादी नवी तक्रार साधारण ४० टक्क्यांहून अधिक लोकांनी सांगितली. त्यामुळे रोजच्या कामात फार अडचण येणारे मात्र एक टक्क्याहूनही कमी होते, आणि बहुतेक लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. डॉक्टरांनी दोन्ही सांगितल्या पाहिजेत आणि रुग्णाने दोन्ही ऐकल्या पाहिजेत.

बिघडल्यावर उपाय काय?

ज्या झायलर यांनी एक्टेशियाची पहिली नोंद केली, तेच त्याच्या उपायातही सहभागी होते. ड्रेस्डेनमध्ये वोलेन्झाक, श्पोर्ल आणि झायलर यांनी केरॅटोकोनसच्या पारपटलात बी-२ जीवनसत्त्वाचे, म्हणजे रायबोफ्लेविनचे थेंब मुरवले आणि त्यावर अतिनील किरण सोडले. त्यामुळे कोलॅजनच्या धाग्यांत नवे टाके पडतात आणि पारपटल कडक होतो. २००३मध्ये त्यांनी हे निकाल प्रसिद्ध केले. आपल्याकडे डॉक्टर याला क्रॉस-लिंकिंग किंवा सी-थ्री-आर म्हणतात. लेसिकनंतरच्या एक्टेशियावरही हेच करतात.

पण क्रॉस-लिंकिंगने फुगवटा थांबतो, गेलेली नजर पूर्ण परत येत नाही. नजर सुधारायला नंतर विशेष कडक कॉन्टॅक्ट लेन्स लागतात, आणि आजार फार पुढे गेला तर पारपटलाचे रोपण करावे लागते. म्हणून इथे वेळ महत्त्वाची. लेसिकनंतर काही वर्षांनी नंबर परत आला, तर "पुन्हा एकदा लेझर मारून घेऊ" म्हणू नका. आधी पारपटलाचा नकाशा काढून घ्या. फुगत चाललेल्या पारपटलावर पुन्हा लेझर म्हणजे नुकसानीत भर.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत साधने सुधारली आहेत. पापुद्रा आता ब्लेडऐवजी फेम्टोसेकंद लेझरने ठरवलेल्या जाडीचा काढता येतो. स्माइल पद्धतीत पापुद्राच नसतो, आतली पातळ चकती छोट्या छिद्रातून ओढून काढतात. पीआरके अजूनही वापरात आहे. कुस्ती, कबड्डी खेळणाऱ्यांना किंवा उसाच्या फडात काम करणाऱ्यांना पापुद्रा नसलेली पद्धत बरी, कारण पात्याचा फटका बसून सरकायला तिथे काही नसते. पण कुठल्याही पद्धतीत थर काढला जातोच. नवे यंत्र असले म्हणून कमकुवत पारपटल मजबूत होत नाही.

तुमच्यासाठी कामाच्या गोष्टी

ऑपरेशन ठरवण्याआधी :

१. वय १८ पूर्ण असावे, आणि नंबर निदान वर्षभर स्थिर असावा. वीस-एकविसाव्या वर्षापर्यंत थांबता आले तर आणखी चांगले.

२. पारपटलाचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी किंवा पेंटाकॅम तपासणी, आणि जाडी दोन्ही डोळ्यांची झालीच पाहिजे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी बंद करा, नाहीतर नकाशा चुकतो.

३. डॉक्टरांना थेट विचारा : माझी जाडी किती, किती थर काढणार, मागे किती उरणार? आकडे सांगायला टाळाटाळ झाली तर दुसरे मत घ्या.

४. भावंडांत कोणाला केरॅटोकोनस असेल, डोळे चोळायची सवय असेल, संधिवात किंवा तोंड-डोळे कोरडे पडण्याचा आजार असेल, साखर ताब्यात नसेल, डोळ्याला पूर्वी नागिणीसारखा विषाणूसंसर्ग झाला असेल, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते लपवू नका.

५. नोकरीसाठी करणार असाल तर आधी जाहिरातीतली वैद्यकीय अट वाचा. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलट पदासाठी लेसिक झालेला उमेदवार अपात्र ठरतो. इतर भरतीत नियम वेगवेगळे असतात. पैसे भरल्यावर हे कळून उपयोग नाही.

६. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागणारच. तो लेझरचा दोष नाही.

ऑपरेशननंतर :

१. पहिल्या काही दिवसांत दुखणे, लाली किंवा धूसरपणा वाढला तर त्याच दिवशी सर्जनकडे जा. पापुद्र्याखाली सूज किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. काही जंतू तर दोन-तीन आठवड्यांनी डोके वर काढतात, म्हणून उशिरा आलेली लालीही साधी समजू नका.

२. मेडिकलमधून स्वतःहून स्टिरॉइडचे थेंब आणून टाकू नका. त्याने डोळ्याचा दाब वाढू शकतो. लेझरने पातळ झालेल्या पारपटलावर दाब मोजला, तर यंत्र तो खऱ्यापेक्षा कमी दाखवते. अशा डोळ्यात काचबिंदू नजरेतून सुटू शकतो.

३. डोळे चोळणे कायमचे बंद.

४. दरवर्षी एकदा तपासणी, नजर चांगली असली तरी.

५. ऑपरेशनआधीचा नंबर, जाडी, नकाशा आणि किती थर काढला याचा कागद मागून घ्या आणि घरच्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवा. वीस-तीस वर्षांनी मोतीबिंदूचे ऑपरेशन करताना आत कोणत्या नंबरचे भिंग बसवायचे, हा हिशेब लेझर झालेल्या डोळ्यात चुकू शकतो. तेव्हा हाच कागद उपयोगी पडेल.

आणि तपासणीनंतर डॉक्टरांनी "तुमचा पारपटल लेझरसाठी योग्य नाही" असे सांगितले, तर नाराज होऊन सवलतीची जाहिरात करणारे दुसरे केंद्र शोधू नका. सातो यांच्या रुग्णांना असे सांगणारे कोणी नव्हते, कारण तेव्हा ते कोणालाच माहीत नव्हते. आज नकाशा अर्ध्या तासात निघतो आणि नकार देणारा डॉक्टर तुमची नजर वाचवत असतो. चष्मा लावून आयुष्यभर उत्तम दिसू शकते. ज्यांचा पारपटल योग्य आहे, त्यांनी मात्र सगळी तपासणी करून निर्धास्तपणे निर्णय घ्यावा.